थंड पाण्यात शंभरपर्यंत

आमच्या मॅडम माशीवर कधी हात उगारत नसत; माणसांना मात्र त्यांनी क्वचितच सोडले. प्राणिशास्त्र विभागात मी रुजू झालो त्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी उभा असताना नाकासमोर घोटाळणारे एक चिलट मी सहज हाताने हाकलले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "तुमच्या घरी पाहुणा आला की असंच करता का, सर?"

मी "नाही" म्हणालो.

"मंग बसा."

माझे शिक्षण, माझे गाव, मी आधी कोठे होतो, यांतले काहीही त्यांनी त्या दिवशी विचारले नाही. पुढे दोन आठवड्यांनी विचारले ते एवढेच, की मला सावकाश शंभरपर्यंत मोजता येते का.

हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. मॅडमच्या खोलीत काचेच्या शंभराहून अधिक बाटल्या होत्या. मंगल कार्यालयांच्या आचाऱ्यांकडून मागून आणलेल्या, उकळून घेतलेल्या, तोंडाला जाळीत गुंडाळलेल्या कापसाचे बोळे लावलेल्या. त्यांत होती तिळाएवढी, तांबड्या डोळ्यांची चिलटे. पिकल्या केळावर आणि सडत्या मोसंबीवर जमतात तीच. परंतु त्यांतले एक वाण निराळे होते. तापमान तिशीच्या वर गेले की त्या वाणाच्या माश्या जागच्या जागी आडव्या होत. मेंदूतून मानेवाटे पायांकडे निरोप नेणाऱ्या मोजक्या पेशी उष्णतेने गप्प पडत. पेशी मरत नसत आणि माशीही मरत नसे. तिला वास येई, उजेड कळे. फक्त पायांपर्यंत आज्ञा पोहोचत नसे. बाटली थंड पाण्यात धरून सावकाश मोजू लागले की ऐंशीच्या सुमारास एखादा पाय हले आणि शंभराला सगळी वस्ती काचेवर चढू लागे.

असली वाणे जगात इतरत्रही आहेत. मॅडमनी अकरा वर्षे पिढीमागून पिढी निवडत नेऊन जे साधले ते हे, की गप्प पडणाऱ्या पेशींची संख्या त्यांनी कमी कमी करत आणली.

"माशी चालते कशी, हे सगळेच विचारून राह्यलेत," त्या म्हणत. "किती थोडक्या पेशी गप बसल्या की अख्खा जीव आडवा होतो, ते मला पाह्यचंय."

दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेने त्यांच्याकडे ते वाण मागितले होते. मॅडमनी उत्तर पाठवले होते, की अजून चार पिढ्या थांबा, मग पाठवते.

जालना जिल्ह्यात चैत्र-वैशाखात असे वाण जगवणे म्हणजे काय, हे त्या संस्थेतल्या माणसांना कळणे अवघड होते. मॅडमकडे एक कुलर होता, दोन रांजण होते आणि सदैव ओली ठेवलेली गोणपाटे होती. विभागाचे शिपाई शेषरावमामा दर तासाला त्या गोणपाटांवर पाणी मारत. सुटीच्या दिवशीही ते घनसावंगीजवळच्या आपल्या गावाहून जीपने येत, पाणी मारत आणि परत जात. जालन्याहून दीड तासावरचे आमचे हे तालुक्याचे गाव. वीज गेली की केव्हा येईल याचा नेम नसे. मॅडम जालन्याला काही बाटल्या घेऊन निघाल्या तर त्या ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरत, आणि अंबडला एसटी वळून उन्हाची बाजू बदलली की उठून पलीकडच्या प्रवाशासमोर उभ्या राहत. "दादा, तुम्ही इकडं या. माझ्याजवळ लेकरं हायेत, ऊन सोसत न्हाई त्यांना." माणूस बिचारा उठे, टॉवेलात डोकावून बघे आणि पुढचा सगळा रस्ता दारापाशी उभा राहून काढी.

माश्यांचे खाणे त्या स्वतः शिजवत. रवा, गूळ, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी थोडे अगर. त्या दिवशी सगळ्या मजल्यावर शिऱ्यासारखा वास दरवळे. स्टाफरूममधले एक सर दर वेळी तोच विनोद करत. "मॅडम, माश्यांना शिरा, अन् आम्हाला?"

"तुम्ही सहा पाय आणा," मॅडम म्हणत, "तुम्हालाबी वाढते."

मोसंबीची बाग असलेले शेतकरी त्यांचे नाव ऐकून येत. एकदा एक काका पिशवीभर किडकी फळे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, ह्या माशीवर एखादं औषध सांगा ना जल्दी, बाग गेली सगळी."

मॅडमनी फळ कापून पाहिले. "तुमची माशी येगळी हाये, काका. ती मोठी असती, फळाला डंख करती. मी ठेवते ते चिलट. अन् मी मारायचं औषध सांगत न्हाई, मी जगवून राह्यले." एवढे तोडून बोलल्यावर त्यांनी कृषी विभागातल्या एका माणसाला फोन लावला, आणि काकांच्या हातात औषधाचे नाव लिहिलेला कागद पडेपर्यंत फोन खाली ठेवला नाही.

मॅडमच्या खोलीत कोणी चहा पीत नसे. येणारा दारातूनच बोले. "तुमच्या माश्या पडतील चहात," असे म्हणत. बाटल्यांना बोळे होते, कपात माशी पडलेली मी कधी पाहिली नाही. मॅडम टेंभुर्णीच्या, वडिलांनी गावात शिक्षकी केलेली, घरात दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्या दारापाशी थबकणाऱ्या माणसांपैकी काहींना माश्या नसत्या तरी तो कप नको होता, हे मला पहिल्याच वर्षी कळले. माश्यांमुळे त्यांची सोय झाली होती, खरे कारण तोंडाने सांगावे लागत नव्हते. मॅडमना हे माझ्यापेक्षा कितीतरी आधी ठाऊक असणार. त्या दर वेळी तरीही विचारत, "चहा घेणार का, सर?" आणि समोरच्याचे ओशाळणे शेवटपर्यंत पाहून घेत. मी तो चहा रोज घेतला. याचा मला काही काळ अभिमान वाटत असे. आता त्या अभिमानाची शरम वाटते, कारण चहा पिण्याला धैर्य लागत नाही.

मी तासिका तत्त्वावरचा शिक्षक. दर जूनमध्ये प्राचार्यांच्या सहीचे नवे पत्र निघाले तर मी आहे, न निघाले तर नाही. पदव्या मजकडे भरपूर आहेत. आवाज लहानपणापासून कमी आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये महाविद्यालयाच्या तपासणीसाठी समिती यायची होती. भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या. महिला प्राध्यापकांनी एकाच अबोली रंगाच्या साड्या नेसून फाटकापाशी औक्षण करावे, असे फर्मान निघाले. मॅडम प्राचार्यांच्या दालनात गेल्या आणि बाहेर ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "तबक धरायला पीएचडी केली का मी?" परंतु दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या साडीचे पाकीट हातात घेऊनच. वाणाची दुसरी प्रत ठेवायला त्या चार वर्षांपासून वेगळी खोली मागत होत्या. दोन्ही प्रती एकाच खोलीत ठेवणे म्हणजे न ठेवल्यासारखेच, हे त्या सांगून थकल्या होत्या. प्राचार्यांनी खोली कबूल केली होती. त्या खोलीसाठी मॅडम तबक धरायला तयार झाल्या.

समिती येण्याच्या दिवशी सकाळी कुलर बैठकीच्या दालनात नेण्यात आला. गोणपाटे आणि रांजण 'बरे दिसत नाहीत' म्हणून इमारतीमागे गेले. हे सारे मॅडम फाटकाकडे गेल्यानंतर घडले. अकराच्या सुमारास प्राचार्य शेवटची फेरी मारत आमच्या मजल्यावर आले. शेषरावमामा आणि मी खोलीत होतो. खोली तापली होती. त्या वाणाच्या दोन फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्यांत माश्या तळाला आडव्या पडल्या होत्या.

"हे काय स्मशान मांडलंय?" प्राचार्य म्हणाले. "मेल्या ना ह्या सगळ्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बाटल्यांकडे पाहिले. एका माशीची मिशी हलत होती. ते मला स्वच्छ दिसत होते. पाच पावलांवर नळ होता.

"जी, सर," मी म्हणालो.

"मंग फेका जल्दी. समिती वर येऊन राह्यली."

"मॅडमला एकडाव इचारू का?" शेषरावमामांनी विचारले. दहावी नापास, चतुर्थ श्रेणी, आणि त्या खोलीत विचारणारा तोच एक माणूस.

"मेलेल्याला काय विचारायचं? सरांनी सांगितलं ना मेल्या म्हणून."

मामांनी माझ्याकडे पाहिले, मग बाटल्यांचे ट्रे उचलले आणि मागच्या जिन्याने खाली नेले. मी खिडकीत उभा राहिलो. खाली नळापाशी, निंबाच्या सावलीत, ओल्या मातीवर त्यांनी एकेक बाटली उलटी करून झटकली. शंभर मोजून व्हावेत एवढा वेळ गेला. मग त्यांचा आवाज वर आला.

"सर! मेल्या न्हाईत ह्या! उठून राह्यल्यात, बघा की हो!"

ओल्या मातीवरून एक धुरकट पट्टा वर निघाला होता आणि उकिरड्याच्या बाजूला पसरत होता. जिन्यावर पाहुण्यांची पावले वाजत होती. प्राचार्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी खिडकी लावून घेतली.

पुष्कळदा मनात येते, की त्या क्षणी माझीही अवस्था त्या माश्यांसारखीच झाली असेल. हे मनात आले की मला स्वतःचा सर्वांत जास्त संताप येतो. माझ्या कोणत्याही पेशी गप्प पडल्या नव्हत्या. माझे पाय चालत होते, जीभ चालत होती. खिडकी लावण्यापुरता हातही बरोबर चालला. माशीला इलाज नव्हता. मला होता.

समितीने रिकाम्या फळ्या पाहिल्या, भिंतीवरचा तक्ता पाहिला, प्रयोगशाळा स्वच्छ असल्याचे प्राचार्यांना सांगितले आणि जेवायला गेली.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना कुंकू होते. त्यांनी फळी पाहिली. "बाटल्या?" एवढेच विचारले. मी तोंड उघडले असेल किंवा नसेल; दारातून शेषरावमामा म्हणाले, "मॅडम, म्या ओतल्या. मला वाटलं, मेल्या."

"तुला वाटलं?" मॅडमचा आवाज प्रथम अगदी हळू होता. "अकरा वर्षं ह्या बाटल्या उचलून राह्यलास, अन् तुला वाटलं? एकडाव पाण्यात धरता आली न्हाई? शंभर मोजता येत न्हाईत तुला?" पुढे त्या काय काय बोलल्या ते सगळ्या मजल्याने ऐकले. दारात माणसे जमली. मामा मान खाली घालून उभे होते. मामांना शंभर मोजता येत होते. ओठ हलवत मोजताना मी त्यांना कितीदा पाहिले होते. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि ऐकत होतो.

त्यानंतरचे तीन दिवस मॅडम खालच्या नळापाशी मोसंबीच्या साली मांडून बसल्या. साडी तीच, अबोली; पहिल्या दिवशी बदलायलाही घरी गेल्या नाहीत. येईल ते चिलट नळीने ओढून घ्यायचे, बाटलीत सोडायचे, बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात धरायची आणि वाट पाहायची. एखादे तरी आडवे होईल. मी शेजारी बसून मोजत होतो. "शंभर," मी म्हणे. बाटलीतली चिलटे ऐटीत काचेवर फिरत. "पुन्हा," मॅडम म्हणत. तिसऱ्या दिवशी सूर्य इमारतीआड गेला तेव्हा त्यांनी पातेल्यातले पाणी निंबाच्या मुळाशी ओतले. एकही आडवी झाली नव्हती.

मॅडमनी लेखी तक्रार दिली, ती कुलर आणि रांजण हलवल्याची; मामांचे नाव तीत नव्हते. प्राचार्यांनी चौकशी केली, म्हणजे एक कागद टंकून घेतला: शिपायाने कोणालाही न विचारता, निष्काळजीपणाने विभागाच्या साहित्याची विल्हेवाट लावली. खाली प्रत्यक्षदर्शी म्हणून माझ्यासाठी जागा सोडली होती. मी सही केली. ती नोंद मामांच्या सेवापुस्तकात गेली. जूनमध्ये मला माझे पत्र मिळाले.

त्यानंतरची तीन वर्षे, निवृत्तीपर्यंत, मॅडम कोणावर रागावल्या नाहीत. वर्ग घेत, वेळेवर येत, वेळेवर जात. कबूल केलेली दुसरी खोली त्यांना खरोखरच मिळाली. तीत त्यांनी काही ठेवले नाही. दारातून बोलणाऱ्यांना चहा विचारणेही त्यांनी सोडले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "शेषराव ह्या महिनाअखेर निवृत्त होऊन राह्यला. येऊन जा," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मी टेंभुर्णीला गेलो. घर लहान, ओटा स्वच्छ, आणि ओट्याच्या कोपऱ्यात चार बाटल्या, बोळे लावलेल्या. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"साध्या हायेत. मोसंबीवर आलेल्या. ह्यांना उन्हात ठेवलं की खरंच मरतात." मग कप पुढे सरकवत म्हणाल्या, "बोला, सर."

मी सहा वर्षे मनाशी घोटलेली वाक्ये सुरू केली. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"मला म्हाईत हाये. शेषरावनं त्याच संध्याकाळी सांगितलं. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोदेखत त्याची माफी मागून आल्ते. त्यानं हात जोडले. म्हणला, मॅडम, तुम्ही बोलू नका, माझी नौकरी कायमची हाये, सरांची न्हाई. त्यांचं लेकरू ल्हान हाये." त्या थांबल्या. "मी त्याला शब्द दिला, म्हणून गप बसले. जिंदगीत तेवढी एकच बार गप बसले. तुम्ही याल म्हणून वाट बघून राह्यले. किती वर्षं झाली?"

"सहा."

"माशीला शंभर आकडे पुरतात."

मी मान खाली घातली. "मान वर करा," त्या खेकसल्या, आणि सहा वर्षांनी तो आवाज ऐकून मला जे वाटले त्याला समाधानाशिवाय दुसरा शब्द सापडत नाही. "मला तुमची मान बघायला बोलावलं न्हाई. त्या माणसाच्या पुस्तकात ती ओळ राहून तो घरी जाऊन राह्यला. कागद घ्या."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. माझी भाषा नेटकी आहे, असे सगळे म्हणतात. 'सदर माश्या मृत असल्याचे माझ्याकडून गैरसमजाने सांगण्यात आले,' असे मी लिहिले. मॅडमनी चष्मा लावून वाचले.

"'गैरसमजाने' खोडा."

मी पेन उचलले, पण खोडले नाही.

"तुमचा काय गैरसमज होता? मिशी हलून राह्यली होती का न्हाई?"

"होती."

"मंग?"

मी रेघ मारली. त्याखाली लिहिले: त्या जिवंत आहेत हे मला माहीत होते. मी खोटे सांगितले. शिपायाने मॅडमना विचारू का, असे विचारले होते. चौकशीच्या कागदावरील माझी सही खोटी साक्ष आहे. ती नोंद काढावी.

"अन् 'सांगण्यात आले' नको," मॅडम म्हणाल्या. "कोणी सांगितलं ते लिहा."

संपूर्ण अर्ज मी पुन्हा लिहून काढला. त्यांनी तो वाचला, परत दिला आणि माश्यांचे खाणे शिजवायला उठल्या. मी निघालो तेव्हा गुळाचा वास दारापर्यंत आला होता. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

सोमवारी अकरा वाजता तो अर्ज मी कार्यालयात आवक विभागाच्या लिपिकासमोर ठेवला. त्याने वाचायला घेतला, मध्येच खुर्ची पुढे ओढली, शेवटपर्यंत वाचला आणि दालनाच्या बंद दाराकडे एकदा पाहून घेतले.

"सर," तो आवाज खाली आणून म्हणाला, "जूनचं पत्र निघायचंय अजून तुमचं. विचार करा. इथंच ठेवून देऊ का हे, मामा गेल्यावर बघू?"

"पोच द्या," मी म्हणालो.

"काय म्हणले?"

"शिक्का मारून पोच द्या," मी म्हणालो, तेव्हा दालनाचे दार उघडले आणि प्राचार्यांनी विचारले, कोण ओरडतंय.